भरल्या ताटाशी उपाशी

शेराचं जेवणाचं भांडं मी घासायला घ्यायचे तेव्हा ते आधीच घासल्यासारखं लख्ख असायचं. दीड वर्षाचा जर्मन शेफर्ड. दोन वेळा पोटभर चिकन-भात खायचा आणि तरी जेवण झाल्यावर तासभर त्या रिकाम्या भांड्यापाशी बसून राहायचा. आधी आम्हाला त्याचं कौतुकच वाटलं. "वाढतं वय आहे, भूक लागणारच," असं सासूबाई म्हणायच्या आणि आपल्या ताटातली चतकोर भाकरी त्याच्यापुढे टाकायच्या.

जूनमध्ये त्याला पातळ व्हायला लागलं. वाईत पहिला पाऊस झाला की नळाला गढूळ पाणी येतं, म्हणून आम्ही पाण्याला दोष दिला. पाणी उकळून दिलं, दोन दिवस नुसता दहीभात घातला. थोडं आवळल्यासारखं झालं आणि आठवड्यात पुन्हा तेच. जवळच्या डॉक्टरांनी जंतांचं औषध दिलं, पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा दिलं. मग मेट्रोनिडॅझोल या अँटिबायोटिकचा सात दिवसांचा कोर्स झाला. त्यात चार दिवस बरे गेले, म्हणून महिन्याभरानं तोच कोर्स परत झाला. शी तपासली तर जंत नाहीत, जिआर्डिया हा जुलाब करणारा सूक्ष्म परजीवीही नाही. "पोट नाजूक आहे," एवढंच उत्तर मिळालं. उपचार चुकीचे होते असं मी म्हणणार नाही. दहा कुत्र्यांतली नऊ तेवढ्यानं बरी होतही असतील. पण शेराचं वजन जूनमध्ये बत्तीस किलो होतं आणि गणपतीत ते पंचवीसवर आलं होतं.

इथे मला शीबद्दल नीट लिहायचं आहे. वाचणाऱ्याला किळस वाटली तर माफ करा, पण सगळं निदान तिथेच पडलेलं होतं आणि आम्ही ते रोज पाण्यानं धुऊन टाकत होतो. जुलाब म्हटला की पाण्यासारखा, असं आपल्या डोक्यात असतं. शेराचा तसा नव्हता. दिवसातून पाच-सहा वेळा शेणाच्या पोसारखा मोठा ढीग पडायचा. रंग पिवळट-राखाडी, वर तेलकट चकाकी, आणि वास आंबूस, नासक्या तुपासारखा. पाणी मारलं तरी फरशीवर ओशटपणा राहायचा. त्यात भाताची शितं ओळखू यायची, गाजराचे तुकडे घातले असतील तर तेही तसेच्या तसे. रक्त नाही, शेंबूड नाही, कुंथणं नाही. ताप नाही, उलटी क्वचित. रात्री शेजारच्या खोलीत झोपलं तरी त्याच्या पोटातली गुरगुर ऐकू यायची. आणि तो जेवढं खायचा त्याहून जास्तच बाहेर पडतंय असं मला वाटायचं. ते वाटणं बरोबर होतं, पण मी ते डॉक्टरांना सांगितलं नाही. "पातळ होतंय" एवढंच सांगत राहिले.

मग तो स्वतःची शी खायला लागला.

हे लिहिताना आजही हात जड होतो. मी त्याला त्यासाठी रागावले, दोनदा पट्ट्यानं मारलंसुद्धा. आमचे हे त्याला अंगणात बांधून ठेवायला लागले. तो माती चाटायचा, कचऱ्याच्या बादलीतली दुधाची पिशवी गिळायचा. एकदा लेकीचा रुमाल खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी तो अख्खाच बाहेर पडला. आम्ही त्याला वाईट सवय म्हणत होतो. ती भूक होती. पोटात अन्न होतं आणि अंगाला काहीच लागत नव्हतं, त्याची भूक.

गणपती घाटावर संध्याकाळी फिरायला नेलं की लोक थांबून बघायचे. बरगड्या मोजता येत होत्या, पाठीचा कणा वर आलेला, केस रुक्ष. एका आजोबांनी सरळ विचारलं, "जेवायला घालत नाही का याला?" त्यांचा राग जनावराच्या कळवळ्यापोटी होता, हे कळत होतं. तरी घरी येऊन मी रडले. त्यानंतर महिनाभर आम्ही त्याला पहाटे अंधारात फिरवलं.

सल्ले तर गावभरून आले. डाळिंबाची साल उगाळून झाली, ओव्याचं पाणी झालं, कुणी दृष्ट काढायला सांगितली. सासूबाईंनी तीही काढली आणि मी अडवलं नाही. आम्ही खाणं वाढवलं. दोनाचं तीन वेळा केलं, तूप घातलं, अंडी घातली. ढीग आणखी मोठे झाले.

दसऱ्याच्या आधी ह्यांनी ठरवलं की शिरवळला जायचं. तिथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नावाचं. वाईहून सुरूरला हायवे धरला, जाताना खंबाटकीचा बोगदा लागला, येताना घाट. रोजच्या दवाखान्याच्या मानानं लांब, पण मुंबईपेक्षा कितीतरी जवळ. गाडीत शेराखाली जुनी सतरंजी टाकली होती, आणि दोनदा थांबावं लागलं.

तिथे ज्या मॅडमनी तपासलं त्यांनी पोटाला हात लावायच्या आधी पाऊण तास नुसते प्रश्न विचारले. किती खातो? वाटीनं नको, वजनानं सांगा. शी दिवसातून किती वेळा? किती मोठी? रंग? चिकट की तेलकट? स्वतःची खातो का? हा प्रश्न आला तेव्हा मी मान खाली घातली, तर त्या म्हणाल्या, "लाजू नका, मला हेच हवं होतं." लेकीनं मोबाइलवर शीचे फोटो काढून ठेवले होते. त्यावरून मी तिला ओरडले होते. मॅडमनी ते एकेक करून मोठे करून बघितले.

मग त्यांनी आम्हाला बसवून समजावलं. जठराच्या खाली, लहान आतड्याच्या पहिल्या वळणात एक फिकट गुलाबी, लांबट अवयव असतो, स्वादुपिंड. तो दोन कामं करतो. एक म्हणजे इन्सुलिन बनवतो, ते बिघडलं की मधुमेह. दुसरं, तो पाचक रस आतड्यात सोडतो. चरबी फोडायला लायपेज, प्रथिनं फोडायला ट्रिप्सिनसारखी एन्झाइम्स, पिष्टासाठी अमायलेज. काही जर्मन शेफर्डमध्ये ऐन तारुण्यात रस बनवणाऱ्या पेशीच झडत जातात. शरीर स्वतःच त्यांच्यावर उलटतं असं मानलं जातं. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मात्र बऱ्याचदा शाबूत राहतात, म्हणून रक्तातली साखर ठीक येते आणि सगळ्यांची दिशाभूल होते. या अवयवाजवळ राखीव ताकद इतकी असते की साधारण नव्वद टक्के काम बंद पडेपर्यंत बाहेर काही दिसतच नाही. दिसायला लागतं तेव्हा फार थोडं उरलेलं असतं.

या आजाराचं इंग्रजी नाव एक्सोक्राइन पँक्रिॲटिक इन्सफिशियन्सी, आद्याक्षरांवरून ईपीआय म्हणतात. मराठीत मी माझ्यापुरतं त्याला रस आटणं म्हणते. गाय आटते तसं.

मॅडम म्हणाल्या, "अंदाज माझा हाच आहे, पण अंदाजावर जन्मभराचं औषध सुरू करायचं नाही." आधी साध्या तपासण्या झाल्या. रक्त, यकृत, मूत्रपिंड, साखर, पुन्हा तीन वेगवेगळ्या दिवसांची शी. सोनोग्राफीत आतड्यांत नुसता द्रव भरलेला, गाठ वगैरे नाही. माणसांत स्वादुपिंडासाठी बघतात ते अमायलेज आणि लायपेजचे आकडे इथे उपयोगाचे नसतात, हेही तेव्हाच कळलं. पूर्वी म्हणे एक्स-रे फिल्मच्या तुकड्यावर शीचं पाणी टाकून ठेवायचे. शीत एन्झाइम असेल तर फिल्मवरचा जिलेटिनचा थर विरघळायचा. पण ती तपासणी फसवी निघते, म्हणून आता कुणी तिच्यावर विसंबत नाही.

खरी तपासणी रक्ताची, टीएलआय नावाची. स्वादुपिंडातून थोडंसं ट्रिप्सिनोजेन, म्हणजे ट्रिप्सिनचं कच्चं रूप, रक्तात झिरपत असतं, ते मोजायचं. अवयवच झडला असेल तर झिरपणार काय? त्यासाठी बारा तास उपाशी ठेवायचं. ती रात्र मला विसरता येणार नाही. आधीच उपाशी असलेल्या जिवाला भांडं दाखवायचं नाही. तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर नाक ठेवून पहाटेपर्यंत बसला होता, एकदाही भुंकला नाही. मी त्याच्याजवळ सतरंजी टाकून बसून राहिले.

नमुना बाहेर पाठवावा लागला. नऊ दिवसांनी आकडा आला तो १.२. त्या रिपोर्टवर निरोगी कुत्र्याची तळाची मर्यादा ५.७ होती आणि २.५ च्या खाली आलं की निदान पक्कं. सोबत ब-१२ जीवनसत्त्वही मोजलं होतं, ते तर मोजता येईल त्याच्याही खाली होतं. माणसात ब-१२ शोषायला लागणारा घटक जठरात बनतो. कुत्र्यात तो मुख्यतः स्वादुपिंडातच बनतो. त्यामुळे एक अवयव गेला की हेही जातं, आणि ब-१२ नसेल तर नुसत्या एन्झाइमनं कुत्रं हवं तसं सुधारत नाही. हे मॅडमनी मला दोनदा सांगितलं आणि कागदावर खाली रेघ ओढून दिली. त्या दिवशी शेराचं वजन एकवीस किलो चारशे होतं.

उपचार ऐकायला सोपा आहे. जे शरीर बनवत नाही ते अन्नात कालवून द्यायचं. डुकराच्या स्वादुपिंडापासून बनवलेलं पँक्रिआटिन माणसांसाठी कॅप्सूलमध्ये मिळतं. सुरुवातीला तेच फोडून घातलं. त्यातल्या बारीक दाण्यांवर आम्लापासून बचावाचं आवरण असतं, आणि कुत्र्यांत असे दाणे साध्या भुकटीइतके लागू पडतीलच असं नाही. थोडा फरक पडला, पुरेसा नाही. मग आवरण नसलेली भुकटी पुण्याहून मागवली.

मधल्या काळात कच्च्या स्वादुपिंडाचाही पर्याय होता. भुकटी मिळत नाही तिथे लोक ते बारीक चिरून, गोठवून ठेवून घालतात. गोठवल्यानं एन्झाइम मरत नाहीत, शिजवल्यानं मरतात. मी आमच्या नेहमीच्या मटणवाल्या दादांकडे गेले. त्यांनी आधी तिल्ली दाखवली, मग गुर्दा, मग फोपसा. मी मोबाइलवर चित्र दाखवलं तेव्हा म्हणाले, "वहिनी, हे तर आम्ही आतड्याबरोबर टाकूनच देतो." दुसऱ्या दिवशी त्यांनी सहा बोकडांचं मिळून मूठभर काढून ठेवलं होतं, आणि पैसे घेतले नाहीत. पण बोकडाचं ते एवढंसं असतं की शेराचं भागणं शक्य नव्हतं. शिवाय कच्च्या अवयवांतून जंतू आणि कृमी येण्याची भीती होतीच. मॅडमनी नको म्हटलं, आम्ही सोडून दिलं. दादा मात्र अजून विचारतात, "शेरा कसा आहे?"

भुकटी सुरू केली तेव्हापासूनची तारीख-वार वही माझ्याकडे आहे. दर जेवणाला दोन सपाट चमचे. अन्न कोमट, हाताला जेमतेम लागेल एवढंच. पहिल्या दिवशी मी गरम भातात कालवली आणि सगळी वाया गेली, कारण उष्णतेनं एन्झाइम निकामी होतात. भुकटी कोरडी राहिली तर तोंड सोलवटतं, म्हणून पाणी घालून सगळं सैलसर कालवायचं. एका सकाळी शेराच्या हिरड्यांतून रक्त दिसलं, तेव्हा हे शिकले. एन्झाइमला मांस आणि जीभ यांतला फरक कळत नाही. त्यानंतर भुकटी थोडी कमी केली, पाणी वाढवलं, चार दिवसांत तोंड बरं झालं.

तिसरी गोष्ट घरातल्या सगळ्यांना सर्वांत अवघड गेली. भुकटीशिवाय एक घासही द्यायचा नाही. बिस्किट नाही, चपातीचा तुकडा नाही, प्रसादाचा पेढा नाही. अकराव्या दिवशी शी पुन्हा बिघडली आणि मी भुकटीला दोष देत बसले. संध्याकाळी सासूबाई स्वतःहून म्हणाल्या, "अगं, मीच भाकरीचा तुकडा दिला गं त्याला. बघत होता माझ्याकडे." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांच्या हातून कुणी उपाशी गेलेलं त्यांनी आयुष्यात बघितलेलं नाही. त्यांना मी काय बोलणार? दुसऱ्या दिवसापासून शेराचं सकाळचं जेवण कालवायचं काम त्यांच्याकडे दिलं. आता त्या चमचा सुरीनं सपाट करून मोजतात, आणि पाहुण्यांच्या पोरांनी बिस्किट पुढे केलं तर सगळ्यांआधी त्याच ओरडतात.

बाजरीची भाकरी पूर्ण बंद झाली. कोंडा, चोथा फार असला की एन्झाइमचं काम अडतं. चरबी अगदी तोडायची गरज नाही असं मॅडमचं मत पडलं, फक्त वरून तूप घालणं थांबवलं. पांढरा भात, उकडलेलं चिकन, थोडा शिजवलेला लाल भोपळा. एका वेळचं पोट फार भरू नये म्हणून तेवढंच अन्न तीन वेळा विभागून. अँटिबायोटिक लागलंच तर नंतर, असं मॅडमनी ठरवलं होतं. ते लागलं नाही. ब-१२ चं इंजेक्शन आठवड्याला एक, असे सहा आठवडे, मग महिन्यानं एक. शेवटची चार मी स्वतः मानेच्या कातडीखाली दिली, कारण दर वेळी दवाखान्यात नेऊन त्याला घाबरवायचं जिवावर येत होतं.

पाचव्या दिवशी सकाळी सहाला ह्यांनी अंगणातून हाक मारली. आवाज असा की मी काहीतरी वाईट झालं म्हणून अनवाणी धावले. शेरा बाजूला उभा होता आणि मातीवर बांधलेली, तपकिरी, नेहमीसारखी शी होती. फक्त एक. पाच महिन्यांनी. आम्ही दोघं तिथे उभे राहिलो, आणि हे बोलायचा प्रयत्न करत होते पण त्यांना बोलता येईना. शेरा वळून त्या शीकडे गेलाच नाही. भांड्याशीही जाऊन बसला नाही. अंगणात उन्हाची तिरीप आली होती, तिथे जाऊन झोपला. पोट भरलेलं कुत्रं कसं झोपतं हे मी विसरले होते.

वजन मात्र आपल्या गतीनंच वाढतं. पंधरा दिवसांत दीड किलो, दोन महिन्यांत सव्वासहा. फाल्गुनात एकतीस. केस परत आले, कणा मांसात बुडाला. गणपती घाटावर आता आम्ही उजेडी जातो.

खर्चाचं लिहिते, कारण विचारणारे बरेच आहेत. तपासण्यांचा एकदाच झाला तो झाला. भुकटीचा महिन्याला साडेचार हजारांच्या आसपास येतो, आणि तो शेरा आहे तोवर येत राहणार. हा आजार जात नाही, झडलेल्या पेशी परत येत नाहीत. औषध बंद केलं की आठवड्यात तो पुन्हा तिथेच पोचेल. मॅडमनी हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं, आणि सांगताना विचारलंही होतं, "जमेल का? आत्ताच विचार करा." न जमणारी माणसंही असतात आणि त्यांना मी दोष देत नाही. आम्ही लेकीची स्कूटी एक वर्ष पुढे ढकलली. ते तिनंच सुचवलं.

एक काम राहिलं होतं. जर्मन शेफर्डमध्ये हा दोष घराण्यातून येतो, म्हणून शेराला जोडीला द्यायचं नाही हे ठरलं. त्याचं रूप परत आल्यावर दोघांनी विचारलं होतं, दोघांनाही नकार दिला आणि कारण सांगितलं. ज्यांच्याकडून पिल्लू आणलं होतं त्यांना कळवलं. त्यांना ते आवडलं नाही, पण त्याच वेतातल्या एका पिल्लाच्या घरचा फोन नंबर त्यांनी दिला. फलटणचं कुटुंब. मी फोन करून नाव सांगितलं, आणि विचारलं, "तुमचा कसा आहे?"

बाई म्हणाल्या, "खातो खूप हो, पण अंगी लागत नाही. डॉक्टर म्हणतात पोट नाजूक आहे."

मी विचारलं, "शी कशी करतो? रंग सांगाल?"

पलीकडे थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग त्या हळू आवाजात सांगायला लागल्या, आणि मी वही काढली.